आत्ता कुणाचा?

(सिद्धेश्वर, जि. हिंगोली इथं धरणाजवळ भरलेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. काही शिव्या मित्रांनी छापताना काढल्या, त्यातल्या दोन मी परत घातल्या.)



मला विषय दिलाय ‘काळ म्हणजे काय, आणि वर्तमानकाळ खरोखर असतो का’. ज्यानं दिला तो आपला मित्र कॉलेजात शिकवतो. मी मुंबईच्या गोदीत स्टीलच्या कॉइली उतरवतो. दहावी पास. कविता लिहितो म्हणून लोक मला असल्या विषयाला उभं करतात. पहिल्यांदा मी म्हटलं, साला हा पोट भरलेल्यांचा विषय. जेवण झालं, पानसुपारी झाली, आता बसा, वर्तमान आहे की नाही. आपल्या लोकांपुढं हे बोललो तर म्हातारे म्हणतील, पोरगं मुंबईला जाऊन बिघडलं.

मग मागल्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि विषय माझ्या छातीवर येऊन बसला.

आमच्या ठेकेदाराच्या गेटवर अंगठ्याची मशीन आहे. अंगठा लावला की हजेरी. सातची पाळी. मी पावणेसातला गेटवर. अंगठा लावला. मशीन म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. पँटला पुसून लावला. पुन्हा प्रयत्न करा. थुंकी लावून लावला. पुन्हा प्रयत्न करा. वायररोप आणि लोखंड हाताळून हाताळून अंगठ्याच्या रेघा झिजल्यात. हे बघा, चपट झालाय, हरभऱ्याच्या डाळीसारखा. माझ्यामागं रांग. मुकादम आला. मी म्हणालो, मुकादम, लिहून घ्या, मी हजर आहे. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. तीन वर्षं तो मला ओळखतो, माझ्या डब्यातलं खाल्लंय त्यानं. म्हणाला, “तू उभा हायेस ते मला दिसतंय रे. पण तू हजर नाहीस.”

अर्धी रोजी गेली. ती गेली ते जाऊ द्या. पण ते वाक्य मी आठवडाभर चघळत होतो. उभा आहे, पण हजर नाही. अडीच हजार वर्षं पंडितांनी ज्यावर डोकं फोडलं तेच हा मुकादम एका वाक्यात बोलून गेला, आणि त्याचा त्याला पत्ता नाही.

माझा आजा सावकाराच्या वहीत अंगठा उठवायचा, कारण त्याला सही येत नव्हती. मला सही येते. दोन भाषांत येते. तरी अंगठाच. आणि आता तर तोही चालेना.

शाळेत मास्तर नाव घ्यायचे आणि आपण ओरडायचो, “हजर!” आठवतं? किती जोरात ओरडायचो. बामणाची, मराठ्याची पोरं हळू म्हणायची, त्यांना माहीत होतं की ऐकू जाणारच आहे. तर माझ्यापुरता मी हा विषय असा मांडून घेतलाय, की वर्तमान म्हणजे हजेरी. ती कोण घेतो, कुणाच्या वहीत घेतो, आणि आपण ओरडलो तर मांडली जाते का. आता चालू द्या.

आधी पुस्तकातलं सांगतो. मुंबईत आमच्या विहारात एक भंतेजी आहेत, त्यांच्यापाशी बसून मी हे समजून घेतलं. चुकलो तर त्यांची चूक नाही, माझी.

आपल्या बौद्धांमध्येच यावर मोठी भांडणं झालीत. कुणाला वाटत असेल की बौद्ध म्हणजे डोळे मिटून बसणारे, तर तसं नाही. हे लोक कडाकडा भांडायचे. एक पंथ होता सर्वास्तिवादी. नावातच आहे, सर्व अस्ति, सगळं आहे. त्यांचं म्हणणं, भूतकाळही आहे, वर्तमानही आहे, भविष्यही आहे. का? त्यांचा मुद्दा साधा. केलेल्या कर्माचं फळ आज मिळतं. ते कर्म जर नाहीसंच झालं असेल तर नसलेल्या गोष्टीतून फळ कसं येईल? म्हणजे गेलेलं कुठंतरी आहे. थेरवाद्यांना हे पटलं नाही. त्यांचा ‘कथावत्थु’ नावाचा ग्रंथच आहे, त्यात ते यांना प्रश्नामागून प्रश्न विचारून कोंडीत धरतात. पुढं सौत्रांतिक आले, ते म्हणाले आहे तो फक्त वर्तमान. गेलेलं गेलं, यायचंय ते आलं नाही. हातात एक क्षण, तोही हातात येईस्तोवर संपतो.

क्षण म्हणजे किती? ‘अभिधर्मकोशा’त हिशेब दिलाय. १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा मुहूर्त, ३० मुहूर्तांचा दिवसरात्र. गुणाकार करा. ६४ लाख ८० हजार क्षण होतात एका दिवसरात्रीत. म्हणजे एका सेकंदात ७५ क्षण. मी गोदीतला माणूस, मी पाळीचा हिशेब काढला. आठ तासांत २१ लाख ६० हजार क्षण. माझी रोजी ७०० रुपये. म्हणजे ठेकेदार एका पैशाला माझे साधारण ३१ क्षण विकत घेतो. ताकदवान माणसानं चुटकी वाजवली तर तेवढ्यात ६५ क्षण जातात असं ते जुने लोक सांगतात. (चुटकी वाजवली.) झाले दोन पैसे. घ्या.

हसू नका, पुढं अवघड आहे.

या सगळ्यांच्या पुढं नागार्जुन. त्याच्या ‘मूलमध्यमककारिके’त काळावर एक प्रकरण आहे, एकोणिसावं, अवघ्या सहा श्लोकांचं. तो म्हणतो, तुम्ही वर्तमान वर्तमान करता, पण भूतकाळाशिवाय वर्तमान म्हणजे काय हे सांगता येतं का? नाही. म्हणजे वर्तमान भूतकाळावर टेकलेला आहे. टेकायचं तर दोघं एका जागी पाहिजेत. मग वर्तमान भूतकाळातच असायला पाहिजे. आणि तिथं असेल तर तो वर्तमान कसला? असं करत करत तो तिन्ही काळांच्या खालची फळी काढून घेतो. स्वतःच्या पायावर उभा असा एकही काळ शिल्लक राहत नाही.

ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आनंद झाला म्हणून नाही. मला वाटलं, च्यायला, हा तर आमचा मुकादम.

आता पुस्तक मिटा आणि मागं वळून बघा. ती भिंत.

सहा किलोमीटरहून लांब मातीची भिंत आहे ती. पूर्णा नदी अडवली, १९६८ साली धरण झालं. वर येलदरी, तिथं वीज काढून सोडलेलं पाणी खाली इथं सिद्धेश्वरला अडवतात आणि कालव्यानं वसमतकडं जातं. माझी आजी या भिंतीवर मातीला होती. डोक्यावर टोपलं, पायात काही नाही. दिवसाच्या फेऱ्या ती बोटानं मोजायची, कारण मोजणाऱ्या कारकुनावर तिचा भरवसा नव्हता. ती वारली तेव्हा मी लहान होतो, पण तिच्या टाळूवरचं टोपल्याचं चकंदळ मला आठवतं. तिथं केस नव्हते.

आता सांगा, आजीचा भूतकाळ आहे की नाही? सौत्रांतिक म्हणेल नाही. मी म्हणतो, अरे तू त्याच्यावर बसलायस. एक एक टोपलं तिथं आहे. पाणी त्याला टेकलंय. ते एका सेकंदासाठी जरी नाहीसं झालं तर खालची गावं राहतील का? सर्वास्तिवाद्यांना इतका चांगला पुरावा कुणी दिला नसेल.

आपल्याला रोज ऐकवतात ना, “जात आता कुठं राहिली? ते पूर्वी होतं. विसरा आता.” हे म्हणणारा माणूस स्वतः सातबाऱ्यावर बसून बोलतो. सातबारा म्हणजे काय? भूतकाळच ना? आज्याच्या आज्यानं मिळवलेलं तुझं आजही आहे, आणि माझ्या आजीनं वाहिलेलं मात्र होऊन गेलं? तुझा भूतकाळ सर्वास्तिवादी आणि माझा सौत्रांतिक? भडव्या, एक काहीतरी ठरव.

या धरणाचं पाणी कुणाच्या शेतात जातं बघा. ज्याला जमीन त्याला पाणी. उसाला, केळीला, हळदीला. ज्यांनी टोपली वाहिली त्यांच्यातल्या किती जणांच्या वावराला पाट आला? आमच्याकडं वावरच नव्हतं, पाट कशाला येईल? पाणी आलं की गावात वर्तमान येतो. पेरणी, मोटार, दोन पिकं, पोराचं लग्न, नवीन मोटारसायकल. आमच्या वस्तीत त्या दिवशी काय येतं? काम येतं. दुसऱ्याच्या वर्तमानात मजुरी करायला जागा होते.

माझा बाप याच भागात सालगडी होता. इथल्या पोरांना सांगायला नको, पण मुंबईची पोरं आलीत त्यांच्यासाठी सांगतो. गुढीपाडव्याला साल ठरतं. पाडवा ते पाडवा. तुझं वर्ष मालकाचं. रात्री ओलिताला जायचं, पहाटे शेणकाढी, मधे आजारी पडलास तर दिवस भरून द्यायचे. आणि पैसे? ते आधीच उचललेले असतात. बहिणीच्या लग्नाला, आईच्या दवाखान्याला. उचल घेतली की ते वर्ष येण्याआधीच संपलेलं असतं. माझा बाप चैत्रात जे जगत होता ते त्यानं गेल्या पौषातच खाऊन टाकलेलं होतं. आमच्या लहानपणी पाडव्याला लोक गुढी उभारायचे, आमची माय मात्र त्या दिवशी सकाळपासून गप्प असायची. बाप मालकाच्या वाड्यात असायचा. नवीन वर्ष लागायचं ते वाड्यात, विकून झालं की घरी यायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तेच. कोयत्याची उचल दसरा-दिवाळीच्या आधी, मग कारखाना बंद होईस्तोवर फेडायची. नागार्जुनाला म्हणावं, वर्तमानाचा पाया कसा काढतात ते इथं ये, बघ. तू तर्कानं काढलास, इथं मुकादम उचल देऊन काढतो.

आपली म्हातारी माणसं वर्ष कशी सांगतात? रझाकाराच्या साली जन्मली. बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं, सुकडी खाऊन. नामांतराच्या दंगलीत घर जळालं तेव्हा हा पोटात होता. सगळं कॅलेंडर संकटांचं. मधली वर्षं कुठं गेली? त्या वर्षांत काही झालं नाही असं नाही. त्या वर्षांत ही माणसं दुसऱ्याच्या कामावर होती. आणि शाळेत मास्तरनं सगळ्यांची जन्मतारीख एकच टाकली, १ जून. माझ्या बापाची १ जून, काकाची १ जून, गावातल्या आपल्या अर्ध्या लोकांची १ जून. जशी एकाच बाईनं एका दिवसात सगळी वस्ती विणली.

आता थोडं मुंबईचं. १९०५ साली स्वित्झर्लंडात पेटंट कचेरीत काम करणारा एक पोरगा, वय २६, आपल्याच वयाचा, आइन्स्टाइन, त्यानं दाखवून दिलं की सगळ्या विश्वाला मिळून एकच एक ‘आत्ता’ नसतो. मला एकाच वेळी घडलेल्या वाटणाऱ्या दोन गोष्टी वेगानं जाणाऱ्या दुसऱ्याला मागंपुढं घडलेल्या दिसतील, आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसेल. हे मला पूर्ण कळलंय असं म्हणणार नाही. पण गोदीत त्याची चुणूक मिळते. लांबच्या धक्क्यावर कॉइल आदळलेली मी डोळ्यानं बघतो, आवाज मागाहून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. आदळणं एकच, पण माझ्यापर्यंत दोन तुकड्यांत पोचतं. ज्याच्या पायावर ती पडते त्याला तुकडे मिळत नाहीत, त्याला अख्खी मिळते.

तर १९०५ ला तिकडं हे सिद्ध होतंय, आणि १ जानेवारी १९०६ पासून इकडं इंग्रज सरकार म्हणतंय की अख्ख्या हिंदुस्थानला एकच आत्ता. स्टँडर्ड टाइम. मुंबईची आपली वेळ होती, ती नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागं. घड्याळ ३९ मिनिटं पुढं सरकवलं की सहाचा भोंगा सूर्याच्या हिशेबानं ३९ मिनिटं आधी वाजणार. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगार यावर कामबंद करून उभे राहिले. नगरपालिकेत फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी भांडले आणि मुंबईची वेळ शहरात स्वातंत्र्यानंतरपर्यंत चालू राहिली, एका शहरात दोन वेळा. पुढाऱ्यांचं भांडण अभिमानाचं होतं. कामगाराचं झोपेचं होतं. आपल्या झोपेची ३९ मिनिटं. तिचं मोल ज्याला कळत नाही त्यानं आमच्या चाळीत सकाळी पाचला नळावर यावं.

त्याच्या आधी नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवारची सुट्टी मिळवली, १० जून १८९० पासून. सुट्टी म्हणजे काय? सात दिवसांतला एक ‘आत्ता’ मालकाच्या वहीतून काढून घेतला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्यांच्या खात्यानं आणलेल्या दुरुस्तीनं १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांचा ४८ तासांवर आला. आपण म्हणतो बाबासाहेबांनी संविधान दिलं. बरोबर आहे. पण आठवड्याला सहा तासही दिले, ते कुणी बोलत नाही. ते तास आता ठेकेदारांनी परत घेतलेत, ओव्हरटाइमच्या नावाखाली, अर्धे फुकट.

आणि पेशवाई. पुण्याच्या वेशीतून महारामांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर आत यायला बंदी होती, असं नोंदलेलं आहे. कारण त्या वेळी सावली लांब पडते आणि ती वरच्या माणसावर पडली तर तो बाटतो. विचार करा. घड्याळं तेव्हा कुणाच्या हातात नव्हती. मग नऊ वाजले हे कसं कळायचं? आपल्या माणसाला उन्हात उभं करायचं आणि त्याची सावली बघायची. दोस्तांनो, आपणच त्यांचं घड्याळ होतो. सावली आखूड झाली की आपल्याला दिवस मिळायचा, सहा तासांचा. बाकीच्या अठरा तासांत पुणं होतं, आपण नव्हतो. वेशीबाहेर उभा, पण हजर नाही.

अशी आपली स्थिती. मग मी काय म्हणू? वर्तमान नाही म्हणू?

इथं मला त्या सर्वास्तिवाद्यांतला एक माणूस हात देतो. वसुमित्र. त्याला प्रश्न होता की भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही जर आहेत तर त्यांच्यात फरक काय? तो म्हणाला, मोजायचा एक खडा घ्या. एकंच्या घरात ठेवला की तो एक. शतंच्या घरात ठेवला की शंभर. सहस्रच्या घरात हजार. खडा तोच. घर बदललं. तसंच वस्तू तीच, पण ती जेव्हा आपलं काम करते तेव्हा ती वर्तमान. काम करून झालं की भूत, अजून केलं नाही तर भविष्य. या काम करण्याला ते कारित्र म्हणतात. मला हा शब्द एकदम आवडला, कामगाराच्या तोंडचा वाटला.

पुढं वसुबंधूनं त्याला टोचलं. म्हणाला, ठीक आहे, पण हे कारित्र कधी होतं? ते सुद्धा काळातच ना? मग त्याला वर्तमान कुणी केलं? प्रश्न बिनतोड आहे. पुस्तकात त्याचं उत्तर मला सापडलं नाही. मला ते महाडला सापडलं.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांनी ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पास झाला. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला, चवदार तळं खुलं. म्हणजे तळं होतं. पाणी होतं. तहान होतीच. हक्क होता, कागदावर, शिक्क्यासकट. तीन वर्षं सगळं जागच्या जागी होतं आणि कुणी पाण्याला हात लावू शकत नव्हतं. खडा होता, पण एकंच्या घरात पडलेला.

२० मार्च १९२७. बाबासाहेब चालत गेले, मागं हजारो माणसं, आणि त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. काय बदललं? पाणी तेच. ठराव तोच. फक्त एक ओंजळ. त्या ओंजळीनं खडा उचलून हजाराच्या घरात ठेवला. आता वसुबंधूनं मला विचारावं, कारित्राला वर्तमान कुणी केलं. मी म्हणेन, विचारायला उभा राहू नकोस, वाक आणि पाणी पी.

पण गोष्ट इथं संपवली तर मी खोटारडा ठरेन. त्याच दिवशी लाठ्या पडल्या. देवळात घुसणार अशी आवई उठवली आणि जेवणाऱ्या माणसांना मारलं. नंतर शेणगोमुताचे १०८ घडे ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. म्हणजे तो वर्तमान त्यांनी परत धुऊन काढला. मग कोर्ट. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १९३७ साली. दहा वर्षं. एका ओंजळीचा क्षण खरा होता की नाही हे ठरायला दहा वर्षं.

मराठवाड्यात तर हे आपल्या अंगावरून गेलंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव पास झाला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. झालं? झालं नाही. वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. या साडेपंधरा वर्षांत त्या ठरावाचं काय म्हणायचं? तो भूतकाळ होता? भविष्य होता? व्याकरणात या काळाला नाव नाही. पास झालेलं पण न आलेलं. मी माझ्या वहीत त्याला ‘गेटवरचा काळ’ असं नाव दिलंय.

आता एक बोलतो ते आपल्याच लोकांना लागेल. लागू द्या.

आपण सुद्धा उचल घेतो. क्रांती उद्या येणार आहे या भांडवलावर आपण आजची उचल घेतो. मोर्च्यात न जाता मोर्च्याच्या कविता लिहितो. मीही लिहिल्यात. आणि दुसरीकडं १४ एप्रिलला दहा स्पीकर लावून नाचतो, जणू बाबासाहेबांनी सगळं करून ठेवलंय आणि आपलं काम फक्त आठवणं. एक जण उद्यात राहतो, एक जण कालमध्ये. आजच्या खोलीला कुलूप, किल्ली ठेकेदाराकडं.

वर नवीन फॅशन निघालीय, ‘वर्तमानात जगा’. आमच्याकडं एक साहेब आला होता शिकवायला. डोळे मिटा, श्वास बघा, आत्ताच्या क्षणात या. मी डोळे मिटले. आत्ताच्या क्षणात दोन महिन्यांचा पगार थकलेला होता. मी उघडले. श्वास बघायला माझा विरोध नाही, तथागतानं शिकवलंय ते. पण तथागतानं दुःखाचं कारणही शोधायला सांगितलं होतं. ते साहेबाच्या कार्यक्रमात नव्हतं.

१४ एप्रिलवरून आठवलं. १४ एप्रिल १९४४, बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज फुटलं. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. गोदीतलं घड्याळ त्या मिनिटाला थांबलं, असं जुने गोदीवाले सांगतात. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, त्या पुढं कित्येक वर्षांनी गाळ उपसताना सापडत होत्या. किती माणसं मेली याचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा लिहिलेला आहे, आठशे, तेराशे. सोन्याची वीट न् वीट मोजलेली. माझा संशय असा, की रोजंदारीवर आलेल्या हमालाची त्या दिवशी कुठल्याच वहीत हजेरी नव्हती. जो हजर नव्हता तो मेला कसा म्हणायचा? दर वर्षी त्या तारखेला अग्निशमन दलाचे लोक आपल्या मेलेल्या जवानांना मानवंदना देतात, आणि मी निळा झेंडा घेऊन जयंतीला निघतो. मला दोन्ही ठिकाणी उभं राहावंसं वाटतं. एका अंगठ्यानं दोन हजेऱ्या.

बरं. मघाशी जेवताना एका पोरानं विचारलं, दादा, मशीनचं पुढं काय झालं? ते सांगतो आणि बसतो.

आमच्या टोळीत बारा जण. सात जणांचे अंगठे माझ्यासारखेच, कधी लागतात कधी नाही. आम्ही लिहून दिलं की शाईची वही ठेवा, आम्ही सही करतो. उत्तर आलं नाही. मग रात्री खोलीवर बसलो. ठरलं असं, की येत्या सोमवारी सातला सगळ्यांनी गेटवर यायचं, आणि कुणीच अंगठा लावायचा नाही. ज्याचा लागतो त्यानंही नाही. वही येईस्तोवर उभं राहायचं. जहाज धक्क्याला लागलेलं असेल. जहाज थांबलं की मालकाला त्याचं भाडं चढतं, आमचं उभं राहणं तेव्हा त्याच्याही हिशेबात येईल. बारांपैकी नऊ तयार आहेत. तिघांनी ठेकेदाराकडून उचल घेतलीय, एकाच्या बायकोचं ऑपरेशन होतं. ते अंगठा लावून आत जाणार. मी त्यांना शिव्या देणार नाही, माझा बाप पाडव्याला वाड्यावर जायचा तेव्हा त्यालाही कुणी दिल्या नव्हत्या.

काढून टाकतील का? टाकतील बहुतेक. नऊ जणांना एकदम टाकणं अवघड, पण त्यांना सोपं करून घेता येतं.

परभणीहून रात्रीची गाडी आहे, आणि इथून निघायला मला कुणाचीतरी मोटारसायकल पाहिजे. ज्यांना वाद घालायचाय त्यांनी फाट्यापर्यंत बरोबर चला, वाटेत घालू. जयभीम.